तलाव बुजवले, पण सोबत पोहू दिले नाही

अमेरिकेतल्या वंशभेदाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पोलिसांची गोळी येते, जॉर्ज फ्लॉइड येतो. पण एक आकडा असा आहे ज्याचा बंदुकीशी काहीच संबंध नाही. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) माहितीनुसार, 10 ते 14 वयाची कृष्णवर्णीय मुले स्विमिंग पूलमध्ये बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या तुलनेत 7 पटींहून जास्त आहे. पाणी तेच, खोली तीच. मग हा फरक आला कुठून?

"त्यांना पोहता येत नाही" हे उत्तर लगेच मिळते. बरोबर आहे, पण का येत नाही, हा खरा सवाल आहे.

27 जुलै 1919 रोजी शिकागोत 17 वर्षांचा युजीन विल्यम्स मित्रांबरोबर लाकडी तराफ्यावर मिशिगन सरोवरात खेळत होता. पाण्यात कुणी रेघ मारलेली नव्हती, तरी इकडचे पाणी काळ्यांचे आणि तिकडचे गोऱ्यांचे, असा तिथला अलिखित कायदा. तराफा वाहत पलीकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले आणि पोरगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला पकडायला नकार दिला. मग जी दंगल पेटली तिच्यात 38 माणसे मेली, त्यांतली 23 कृष्णवर्णीय होती.

पुढच्या काळात शहरांनी मोठमोठे सार्वजनिक तलाव बांधले. करदात्यांचा पैसा सगळ्यांचा, पोहणारे मात्र बहुतेक ठिकाणी फक्त गोरे. 21 जून 1949 ला सेंट लुईस शहराने फेअरग्राउंड पार्कचा तलाव कृष्णवर्णीय मुलांना खुला केला, तर त्याच दिवशी जमावाने त्यांना मारहाण केली. नगर प्रशासनाने काय करावे? दुसऱ्याच दिवशी बंदी परत लावली. म्हणजे मार खाणाऱ्यालाच "तू येऊ नकोस" म्हणायचे. ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. 1950 मध्ये न्यायालयाने तलाव सर्वांना उघडायला लावला, तशी गोरी गिऱ्हाइकं पांगली आणि 1956 मध्ये तलावच बंद झाला.

माँटगोमेरीने तर कमाल केली. उद्याने सर्वांना खुली करा म्हणून खटला उभा राहताच 1959 च्या सुरुवातीला शहरातली सगळी उद्याने बंद. हो, गोऱ्यांसाठीसुद्धा! तलाव मातीने भरला, प्राणिसंग्रहालयातली जनावरंही विकून टाकली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानेही पूल बंद केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1971 साली 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला की शहराने काही चूक केली नाही, कारण बंदी दोघांनाही सारखीच आहे. कागदावर समानता पूर्ण! पण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी घरामागे तलाव खोदले, खासगी क्लब काढले. गरिबाच्या पोराला सरकारी तलावाशिवाय दुसरे काय होते?

हीच या सगळ्या गोष्टीची मेख आहे, असे आम्हाला वाटते. सार्वजनिक जागेत 'त्यांचा' वाटा आला की बळकट माणूस भांडत बसत नाही, तो निघून जातो आणि जागा ओस पडते. आपल्या महाराष्ट्रात महाडचे चवदार तळे ठरावाने सर्वांना खुले होते, तरी 1927 मध्ये पाणी प्यायला डॉ. बाबासाहेबांना सत्याग्रह करावाच लागला.

तलाव गेले की शिकणे गेले. ज्या आईबापाला पोहता येत नाही ते मुलाला पाण्याजवळ फिरकू देत नाहीत. त्यात त्यांचे चुकते असे नाही, भीती खरी असते. पण तीच भीती पुढच्या पिढीला वारसा म्हणून मिळते. पाटी उतरून 60 वर्षे झाली तरी आकडा का उतरत नाही, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

आणि पाटी उतरली म्हणजे हक्काने जाता येते, असेही नाही. 2015 मध्ये टेक्सासच्या मॅकिनी इथल्या पूल पार्टीत पोलीस अधिकाऱ्याने 15 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला जमिनीवर दाबून धरल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्याने राजीनामा दिला, खटला मात्र उभा राहिला नाही. 2018 मध्ये डेलावेअरच्या विल्मिंग्टन शहरातल्या सार्वजनिक तलावावर मुस्लिम मुलींना सुती कपडे आणि हिजाब चालणार नाही म्हणून अडवले. महापौरांनी जाहीर माफी मागितली आणि मोघम लिहिलेल्या नियमाचा आधार घेऊन आपण चुकीच्या वागण्याचे समर्थन केले, असे कबूल केले.

मोघम नियम! आपल्या मोहल्ल्यातल्या आईबापांनी हे नीट ऐकावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पालिकेच्या तलावावर मुलीचे नाव घालायला गेलात, तर पोशाखाचा नियम लेखी मागा. अंग झाकणारा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख चालतो का, बायकांची वेगळी वेळ आहे का, शिकवायला बाई आहेत का, ते विचारा. तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका. मुलाला घालत असाल तर त्याच्या बहिणीचाही फॉर्म सोबत न्या.