टाळी कोणास?

आमच्या छत्रपती संभाजीनगरात क्रिकेटच्या क्षेत्ररचनेवर तासन्‌तास वाद घालणारे रसिक उदंड आहेत. हेच गृहस्थ खोखोस ‘मुलांची पळापळ’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या रसिकतेविषयीच आम्हांस शंका येते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी पहिला विश्वचषक जिंकला, त्या वेळी अभिमानाने फुगले तेही हेच. परंतु जिंकले कसे, असे विचारावे तर ‘सूर काय मारला!’ यापलीकडे उत्तर नाही.

अहो, सूर हा पाठलागाचा शेवट. त्यामागील विचार कोठे गेला? पाठलाग करणाऱ्यास मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्या आठ गड्यांमधून हवा तिकडे निसटतो. हे आठजण आळीपाळीने विरुद्ध बाजूंस तोंड करून बसलेले. पळणारा ज्या बाजूस गेला, तिकडे तोंड असलेल्यास क्षणात खो मिळाला तरच पाठलाग जिवंत राहतो. हा निर्णय पाहतो कोण?

आणि एकेरी साखळी! नऊ मिनिटांच्या पाळीतील दोन मिनिटे जो गडी एकटा खातो, तो पुढच्या तुकडीचे ओझे हलके करतो. तो बाद होताच टाळ्या पडतात त्या सूर मारणाऱ्यास. मग तो पोरगा दुसऱ्या दिवशी साखळी सोडून सुराचाच सराव करू लागला, तर दोष त्याचा, की कडेला बसलेल्या या शहाण्यांचा?