मूल हट्टी नव्हे, त्याला आवाज सोसत नाही



सुगीचे दिवस आले की आपल्या भागात मळणीयंत्र ह्या शेतातून त्या शेतात फिरू लागते. मोठ्यांना त्या आवाजाची सवय होऊन जाते. परंतु एखाद्या घरी असे मूल असते की यंत्र सुरू होताच ते कानांवर हात दाबून किंचाळते, भिंतीवर डोके आपटते, नाही तर वाट फुटेल तिकडे पळत सुटते. शेजारी म्हणतात, लाडावलेले आहे. सासू म्हणते, आईने वळण लावले नाही. कोणीतरी ताईत बांधावयास सुचवितो, आणि शेवटी मुलाला मार बसतो. ह्या माराविषयीच आज लिहावयाचे आहे.

अशा मुलांपैकी पुष्कळांना ऑटिझम असतो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा वेडाचा प्रकार नव्हे आणि संसर्गाचा रोगही नव्हे; मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे दर १२७ माणसांमागे एकाला तो असतो. तेव्हा दोन-तीन गावे मिळून एकही असे मूल नाही, असे होणे कठीण. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हाच त्यांनी नमूद केले होते की ही मुले यंत्रांच्या आवाजाला, इतकेच काय वाऱ्यालाही घाबरतात. पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांचे लक्ष बोलणे आणि मिसळणे ह्यांकडेच अधिक राहिले. संवेदनांचा त्रास हे ऑटिझमचे एक लक्षण म्हणून अमेरिकेच्या निदानग्रंथात आले ते २०१३ साली. मधल्या काळात आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, असेही काही विद्वानांनी सांगून पाहिले. ते साफ खोटे ठरले आहे. सासूबाईंनी हे जरूर वाचावे.

ह्या मुलांचे कान, त्वचा, नाक, जीभ ही ज्ञानेंद्रिये बिघडलेली नसतात. त्यांच्याकडून आलेली वार्ता मेंदूत एक तर फार मोठी होऊन पोहोचते, नाही तर फार बारीक होऊन. आपल्याला पिठाच्या गिरणीचा आवाज नुसता मोठा वाटतो. ह्या मुलाला तो दुखतो. मिरचीचा खाट, नव्या सदऱ्याची खळ, भातात मिसळलेली आमटी, डोक्याला लावलेले तेल, ह्यांतले काहीही त्याला असह्य होऊ शकते. त्याने भाकरी खाल्ली आणि भात थुंकला तर त्यात मस्ती असतेच असे नाही.

उलट प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. काही मुलांना वेदना फार कमी जाणवते. पायात बाभळीचा काटा मोडला किंवा चुलीचा चटका बसला तरी ती रडत नाहीत. जखम चिघळल्यावर घरच्यांच्या ध्यानी येते. अशा मुलाचे हातपाय रोज संध्याकाळी उजेडात पाहावे. काही मुले माती, खडू, दोरा, जे हाती येईल ते तोंडात घालतात. औषधफवारणीचा डबा खाटेखाली ठेवण्याची आपली रीत अशा घरात एक दिवसही चालावयाची नाही.

हट्ट आणि हा त्रास ह्यांतला फरक ओळखता येतो. हट्टी मूल रडताना डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते की कोणी बघतो आहे की नाही, आणि मागितलेली वस्तू मिळताच गप्प होते. संवेदनांनी भांबावलेले मूल वस्तू दिली तरी थांबत नाही, कारण त्याने काही मागितलेलेच नसते. त्याला मारले तर आवाजाच्या दुखण्यात माराच्या दुखण्याची भर पडते, एवढेच. बैल बुजला तर शहाणा शेतकरी आधी तो कशाला बुजला ते पाहतो, आणि मगच कासऱ्याला हात घालतो. मुलाची बरोबरी बैलाशी करावयाची नाही. पण जी समजूत आपण गोठ्यात दाखवितो ती घरात का दाखवू नये?

माझे मत असे की मुलाला सुधारण्याआधी भोवतालचा गोंगाट सुधारावा. यंत्र येणार असेल तर आदल्या दिवशी आणि त्या सकाळी मुलाला सांगावे, शक्य तर यंत्र दाखवून आणावे, आणि मळणीच्या वेळी त्याला घराच्या दुसऱ्या टोकाला कोणा ओळखीच्या माणसापाशी ठेवावे. गर्दीत जाताना कानांवर लावावयाची जाड टोपणे बाजारात मिळतात. मात्र दिवसभर लावू नयेत. पुष्कळ मुलांना जडसर कामाने शांत वाटते: पाण्याची कळशी उचलणे, चाऱ्याची पेंढी ओढणे, जोंधळ्याच्या राशीत हात कोपरापर्यंत घालून बसणे. राशीत बसलेल्या मुलाला उगाच उठवू नये. रविवारी चर्चमध्ये अशा कुटुंबाला बाजूच्या दाराजवळचे बाक मोकळे ठेवावे आणि ध्वनिवर्धक जरा आवरावा. मूल मध्येच बाहेर गेले तर माना वळवू नयेत. त्या वळलेल्या मानांमुळेच काही घरे यावयाची थांबतात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ही मुले कोणाला न सांगता घराबाहेर निघून जातात, आणि कित्येकांना पाण्याची विलक्षण ओढ असते. जगभर अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंत बुडून मरण्याचे प्रमाण मोठे आहे. २०१४ नंतर कृषिभाग्य योजनेतून आपल्या नवलगुंद, कुंदगोळ भागात जागोजागी कृषिहोंडे झाले. पाण्याची सोय झाली हे चांगलेच. पण काळ्या मातीचा काठ चिखलाने निसरडा होतो आणि प्लास्टिकचे अस्तर असेल तर मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. होंड्याला तारेचे कुंपण घालावे आणि काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवावा. कुंपणाच्या मदतीविषयी रयत संपर्क केंद्रात विचारावे. आपल्या घरी असे मूल नसेल, तरी शेजाऱ्याच्या घरी असू शकते.

वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे होऊन बोटाने काही दाखवीत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी. अंगणवाडीत सरकारी आरोग्य पथक येते त्यांना सांगावे. हुबळीत विद्यानगरचे सरकारी इस्पितळ, ज्याला आपण अजून किम्सच म्हणतो, आणि धारवाडला बेळगाव रस्त्यावरील डिमहान्स येथे तज्ज्ञ आहेत. डिमहान्सचे नाव काढले की लोक अजून ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणून नाक मुरडतात, मुरडू द्यावे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचा विमाही.

ऑटिझम गोळीने जात नाही, आणि तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. डॉक्टरांकडे जाताना मात्र मूल घरी कसे वागते ते मोबाइलवर दोन-तीन मिनिटे टिपून न्यावे: यंत्राच्या वेळी, जेवताना, आंघोळीला. इस्पितळाच्या खोलीत ते शांत बसते आणि आईवडिलांचे म्हणणे कोणाला पटत नाही.