व्हिजिटिंग कार्डावरील नाव

वकिलीची सनद हाती पडते न पडते तोच हल्लीचा तरुण व्हिजिटिंग कार्डे छापून घेतो. स्वतःचे बोधचिन्ह, ठरावीक रंग, कार्डाशी मेळ खाणारी लेटरहेडे व लिफाफे, असा सारा जामानिमा असतो. व्यवसाय करावयाचा तर आपली छाप हवीच. त्यात गैर काही नाही. मात्र ही कार्डे चाळताना एक उणीव आम्हांस नेहमी खटकते. बहुतेकांवर देवनागरीचे एक अक्षरही नसते.

भारतात मुद्रणकला प्रथम अवतरली ती याच गोमंतकात, १५५६ साली. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापावे लागले, कारण देवनागरी खिळे नव्हते. ती अडचण खरी होती. आज संगणकावर देवनागरी अक्षरांची वाण नाही. मग सबब कोणती?

पोर्तुगीज दप्तरांत प्रभूंचे ‘पोरोबो’ झाले, कामतांचे ‘कामोतीं’ झाले. पुढे अनेकांनी खटपट करून मूळ आडनावे परत मिळविली. आता आपणच आपले नाव पुन्हा संदिग्ध करावे काय? पाटकर आणि पातकर रोमन लिपीत एकच होतात.

कार्डाला दोन बाजू असतात. एकीवर रोमन, दुसरीवर देवनागरी छापल्यास खर्च थोडा वाढेल. पण खेड्यातून आलेली वृद्ध अशील ते नाव स्वतः वाचील. बोधचिन्ह खुशाल चित्रकारावर सोपवावे. आपले नाव कसे उच्चारले जावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.