वजनाला गाव-शहर कळत नाही



गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी आधी वजनकाट्यावरच उभं केलं. "बारा किलो कमी करा." मी मनात म्हटलं, हे सगळं पुण्याच्या फ्लॅटमुळे. शिरोळ तालुक्यातल्या माहेरीच राहिले असते तर अशी सुटले नसते!

समजूत अगदीच खोटी नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या शहरी बायकांपैकी 33.2 टक्के जणी जास्त वजनाच्या आढळल्या, खेड्यात 19.7 टक्के. पण 2015-16 मध्ये हेच आकडे 31.3 आणि 15 होते. म्हणजे शहरात वाढ दोन टक्क्यांची, खेड्यात जवळजवळ पाच!

यंदा पर्वात माहेरी गेले आणि ते डोळ्यांनी पाहिलं. वहिनी पूर्वी विहिरीचं पाणी शेंदायची, शेतात भांगलायची, बस्तीत चालत जायची. आता नळ दारात, दळण घरघंटीवर, भांगलणीऐवजी तणनाशक, आणि बस्तीला स्कूटी. चहाबरोबर फरसाणाची बशी आलीच. "वन्सं, हातपाय बसले, पण ताट काय कमी झालं नाही," ती हसून म्हणाली.

तिच्याच शेतात मजुरीला येणारी बाई मात्र काटकुळी. त्याच सर्वेक्षणात खेड्यातल्या पाचांतली एक बाई गरजेपेक्षा कमी वजनाची आहे. तिला "कमी खा" कोण सांगणार? म्हणून मला वाटतं, प्रश्न गाव की शहर हा नाहीच. कष्ट कुणाचे सुटले आणि ताट कुणाचं भरलेलं राहिलं, हा आहे.

आपल्याकडे बाह्य तपांत पहिलं अनशन, दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी खाणं. उपवासाचं आपण कौतुक करतो, पारण्याला गोडधोड करतो. दुसऱ्या तपाला ना मिरवणूक, ना सत्कार. म्हणूनच ते आपण विसरलो का?

मी दोन नियम घेतलेत: एक पोळी कमी, आणि मंदिरात चालत जायचं. वहिनीनेही स्कूटी ठेवून दिली आहे. मधुमेहाची औषधं चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच जेवण कमी करावं.

तुमच्या घरी दुसरं तप कोण पाळतं? जरूर कळवा.