पिल्लं घ्या, पण तुरा बघून



जमिनीच्या पत्रकात कोंबड्या कशाला, असं कोणी म्हणेल. प्लॉटच्या तारखेला तालुक्याला जायचं एसटीभाडं घरात कुठून निघतं ते आठवा. अंडी विकून निघतं, आणि अंडी बाया विकतात. म्हणून लिहिते.

पावसाळ्याआधी आमच्या पाड्यावर सायकलला खोका बांधून पिल्लंवाला आला. म्हणे, सगळ्या अंडी देणाऱ्या. बायांनी गटाच्या पैशातून 30 पिल्लं घेतली. बारावी शिकलेली म्हणून हिशेब मीच लिहिला, घ्या असंही मीच म्हटलं. त्यातली 17 जगली. पुढे सतराच्या सतरा आरवायला लागले.

हा नशिबाचा खेळ नाही. अंड्यांच्या जातीची पिल्लं मशीनवर काढतात तिथे पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात. शिकलेला माणूस पिल्लाचं ढुंगण हलकं दाबून आतली खूण बघतो. ही विद्या जपानात 1930 च्या सुमारास पुढे आली. काही जातींत पंखाच्या पिसांवरूनही कळतं. माद्या फार्मवाल्यांकडे जातात. नर अंडी देत नाही, अंगही लवकर धरत नाही, म्हणून त्याला मारतात नाहीतर मातीमोल विकतात. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं असतात ना, ती बहुतेक हीच. विकणाऱ्याला माहीत असतं, घेणारीला नसतं. सातबाऱ्याच्या बाबतीतही आपलं तेच झालं आहे.

गावठी पिल्लू एक दिवसाचं असताना आपल्याला ओळखता येत नाही. टोकदार अंड्यात नर, गोल अंड्यात मादी, असं म्हातारे सांगतात. मी गोल अंडी निवडून खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. निम्मे कोंबडेच निघाले. पण दीड-दोन महिने झाले की माझ्या आजीची नजर सहसा चुकत नाही. नराचा तुरा आधी वाढतो आणि लाल होतो, पाय जाड, उभा राहतो ताठ. तलंगेचा तुरा बारीक, फिकट राहतो. तीन महिन्यांनी मानेवरची, पाठीवरची पिसं बघा. नराची लांब, टोकदार, चकचकीत असतात, तलंगेची टोकाला गोल. आजीला सही येत नाही, पण पिल्लं घ्यायच्या वेळी तिला विचारायची अक्कल मला नव्हती.

माझं म्हणणं असं. एक दिवसाची पिल्लं अंड्यांसाठी विकत घेऊ नका. योजनेतून देतो म्हणाले तरी दोन महिन्यांच्या तलंगा मागा, जाणत्या बाईनं तुरे बघितल्यावरच अंगठा द्या. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, बाकीचे विका. आणि भावांनो, गार्ड दारात आला की हाताला येईल ती तलंग पकडून देता, ते बंद करा. द्यायचंच कशाला, हे मीटिंगमध्ये बोलू.

गटाचे पैसे अजून फिटले नाहीत. कोणत्या पाड्यावर जादा तलंगा असतील तर निरोप द्या. बदल्यात नाचणी देऊ.