जॉबरची मर्जी आणि यंत्राची चाळणी

मुंबईच्या गिरणगावात पहाटेचा भोंगा वाजला की, दरवाजापाशी ताटकळणाऱ्या बदली कामगारांपैकी कोणास साच्यावर घ्यावे हे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर अवलंबून असे, आणि ती मर्जी संपादण्यासाठी गाववाल्याची शिफारस किंवा दस्तुरी खर्ची पडे. या अनिर्बंध अखत्यारास आळा घालण्याकरिता १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली-नियंत्रणाची पद्धत आणली. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी व मोठ्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन आले. आज मात्र उमेदवाराचा अर्ज मनुष्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच अनेकदा संगणक तो चाळून बाजूस सारतो. जॉबर लाचखाऊ असेल, परंतु त्याच्याशी हुज्जत तरी घालता येई. या निराकार मुकादमाविरुद्ध दाद कोणाकडे मागावी? म्हणूनच नकाराचे कारण लेखी मिळणे हा उमेदवाराचा हक्क मानला गेला पाहिजे.