पणजोबांचे नाव कोणाच्या दप्तरात?

नाशिकच्या न्यायालयात वकिली करताना दर जून-जुलैला एकच दृश्य दिसते. बारावी झालेल्या लेकराचा बाप पिशवीत कागद घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, १९५० पूर्वीचा पुरावा मागतात हो!" ज्या पणजोबाला व्यवस्थेने शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याचा दाखला नातवाने आणायचा कुठून?

अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला, म्हणून ही तारीख. जातपडताळणीचा कायदा १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. त्याच्या कलम ८ ने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला. बोगस दाखलेवाले आपल्याच मुलांच्या जागा खातात, म्हणून पडताळणी हवीच. पण खऱ्याचे हाल का?

अमेरिकेतील काळ्या बांधवांचीही हीच कहाणी आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या यादीत मालकाचे नाव असे. गुलामाचे सहसा फक्त वय, लिंग आणि रंग. त्यांची नावे सरसकट नोंदली गेली ती १८७० मध्ये. त्याआधीचा पूर्वज शोधायचा तर मालकाची मृत्युपत्रे आणि खरेदीखते चाळावी लागतात. आपलाही पूर्वज राबवून घेणाऱ्याच्याच दप्तरात सापडतो. महार वतनाच्या नोंदीत, कोतवाल बुकात, जन्म-मृत्यूच्या गाव नमुना १४ मध्ये. आडनाव नाही, नुसते 'सक्या वल्द रामा', तेही अनेकदा मोडीत!

एका नोंदीचे मोल काय असते? साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढले आणि इतिहास बदलला.

आपली अडचण आणखी एक. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिले. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या त्या १९९० मध्ये. आता आजोबांचा 'महार' आणि वडिलांचा 'बौद्ध' एकाच वंशावळीत जोडून दाखवावे लागतात.

बांधवांनो, प्रवेशाची वाट पाहू नका. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर वंशावळ लिहून काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला घ्या. वडील, चुलते, आत्या यांचे वैधता प्रमाणपत्र जपून ठेवा. ते फसवणुकीने मिळवलेले नसेल तर समितीने मानले पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. आणि शासनाने मोडी दप्तरांचे देवनागरीत लिप्यंतर करून ते गावोगाव खुले करावे. दप्तर सरकारचे, मग शोधण्याची शिक्षा आमच्याच लेकरांना का?